सव्वातीन गुंजांचा हिशेब

एक तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. कंपनी सरकारनं १८३३ साली रुपयाचं वजन १८० ग्रेन ठरवलं आणि तोळा त्याला बांधून टाकला. ही गोष्ट आता आपल्याकडच्या सोनारालाही आठवत नसेल, पण उठता-बसता ग्रेनमध्ये विचार करणारी माणसं जगात शिल्लक आहेत. ती अमेरिकेत राहतात आणि सोन्याऐवजी शिसं तोलतात. रिव्हॉल्व्हरची गोळी ग्रेनमध्ये, तिच्यामागची दारूही ग्रेनमध्ये. आणि एका ग्रेनच्या दहाव्या हिश्शावरून ती एकमेकांशी अबोला धरू शकतात.

मुलीकडे अ‍ॅरिझोनात राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांपुढे दुपारी दोन ते पाच हा मोठाच प्रश्न असतो. गाडी चालवता येत नाही, बाहेर ऊन मी म्हणत असतं, आणि मालिकेतली सून कालपासून त्याच जिन्यात उभी असते. अशा वेळी शेजारच्या गॅरेजचं दार वर गेलेलं दिसलं, की पाय आपोआप तिकडे वळतात. अमेरिकन माणूस गॅरेज बांधतो गाडीसाठी. मग गाडी उन्हात उभी करतो आणि जे त्याला खरोखर प्रिय आहे ते आत ठेवतो. आमच्या शेजाऱ्यांच्या गॅरेजात काडतुसं भरायचं यंत्र होतं.

आपल्याकडे घरात काडतूस भरायला बसलेला माणूस संध्याकाळी पोलिस चौकीत बसलेला असतो. १९५९ चा शस्त्र कायदा या बाबतीत अजिबात विनोदी नाही. आपली काडतुसं बनवायला १८६९ पासून खडकीचा कारखाना आहे आणि आपला त्याच्याशी संबंध म्हणजे बसच्या खिडकीतून पाटी वाचण्यापुरता. तिकडे मात्र हा सरळसरळ गृहोद्योग आहे. वापरलेली पितळी टरफलं गोळा करून घासूनपुसून घ्यायची, बुडातली फुटलेली टोपी काढून नवी बसवायची, वरून दारू सोडायची, तोंडावर गोळी ठेवायची आणि यंत्राचा दांडा ओढायचा. यात पैसे वाचतात असं घरात सांगायचं असतं. यंत्राची, तराजूची, साच्यांची आणि डब्यांची किंमत वाचलेल्या पैशांतून वजा करायची नसते.

शेजारी विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. बोलणं कमी, वही जाड. यंत्रापुढच्या भिंतीवर आलेखाचे कागद टाचणीनं लावलेले, आणि प्रत्येक डब्यावर तारीख, तापमान आणि हवेतली आर्द्रता. मी आपलं शिष्टाचार म्हणून विचारलं, “हे एवढं सगळं कशासाठी? गोळी जोरात जावी म्हणून?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की शास्त्रीय गायकाला मी लाउडस्पीकरचं वॅटेज विचारलं असावं.

“जोरात जाणारी गोळी कोणीही बनवतं,” ते म्हणाले. “मला हळू जाणारी हवी आहे. पण प्रत्येक गोळी सारखीच हळू.”

ही मागणी ऐकायला नम्र वाटते. रिव्हॉल्व्हरच्या मोठ्या काडतुसापुढे ती मांडून बघा, मग कळतं की तिच्यात निवृत्त माणसाचं उरलेलं आयुष्य सहज मावतं.

झालं असं, की ज्या काडतुसाशी त्यांचं भांडण होतं ते .४५ कोल्ट. अमेरिकन सैन्यानं १८७३ मध्ये घेतलेल्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचं. त्या काळी दारू म्हणजे काळी दारू: सोरा, गंधक आणि कोळसा. तिच्यात दम कमी, धूर फार. म्हणून टरफल चांगलं सव्वा इंचाहून लांब केलं आणि त्यात ४० ग्रेन, म्हणजे आपल्या एकवीस गुंजा, काळी दारू ठासून भरली. पुढे २५० ग्रेनच्या आसपासची शिशाची गोळी, म्हणजे एक तोळा साडेचार मासे आणि वर थोडं. दारू गच्च, गोळी जड, धक्का घोड्याला लोळवणारा. कोणाची काही तक्रार नव्हती. ज्यांची असेल ते सांगायला उरले नसावेत.

मग १८८४ मध्ये पोल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं बिनधुराची दारू काढली आणि जगातल्या सगळ्या जुन्या काडतुसांची पंचाईत करून ठेवली. जे काम एकवीस गुंजा करत होत्या ते आता तीन-चार-पाच गुंजांत होऊ लागलं. नवी काडतुसं त्या हिशेबानं आखूड करता आली. जुनी कशी करणार? लोकांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर लटकलेलं होतं. टरफल तेवढंच राहिलं आणि आत सव्वातीन गुंजा दारू तळाशी पडून राहिली. उरलेली सगळी जागा हवेची.

हे मी घरी बायकोला सांगितलं. तिला बंदुकांत काडीचा रस नाही, पण दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आली, शेजाऱ्यांनी हातात दिलेलं तयार काडतूस तिनं कानाशी नेलं आणि हलवलं. आत किंचित सळसळ झाली.

“खुळखुळा,” ती म्हणाली.

सारण कमी पडून आत वाजणाऱ्या करंजीला तिच्या माहेरी हाच शब्द आहे, आणि तो त्या करंजीपेक्षा करणारीला जास्त लागतो. मुलीनं शेजाऱ्यांना तो समजावून सांगितला. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. एवढ्या वर्षांत त्यांच्या दुखण्याचं निदान इतक्या पटकन कोणी केलं नव्हतं.

कारण दुखणं अगदी तेच आहे. काडतूस बंदुकीत आडवं असतं. नळीचं तोंड जरा खाली कललं की दारू घरंगळत पुढे, गोळीपाशी जाते. तोंड वर केलं की मागे, टोपीपाशी येते. टोपीवर घाव बसून जी ठिणगी उडते तिला पहिल्या वेळी रिकाम्या खोलीतून धावत जावं लागतं, दुसऱ्या वेळी दारू दारातच उभी असते. त्यामुळे त्याच डब्यातली, त्याच मापाची, त्याच दिवशी भरलेली दोन काडतुसं एक सुस्त तर एक चपळ निघतात. जड गोळी असली तर ती जागची हलायलाच वेळ लावते. तेवढ्यात आतला दाब चढतो आणि दाब चढला की दारू आणखी भराभर जळते, असं बिनधुराच्या दारूचं तंत्र आहे. हलकी गोळी मात्र पहिल्या धक्क्यालाच निघते. दाब चढायच्या आत दार उघडून बाहेर. मागे दारू अर्धीमुर्धी जळलेली, नळीत न जळलेल्या दाण्यांची कचकच, आणि पितळ पुरेसं फुगून भिंतीला न चिकटल्यामुळे टरफलाच्या बाहेरच्या अंगावर काजळी. शेजाऱ्यांनी अशी काजळी लागलेली टरफलं एका बरणीत वेगळी ठेवली होती. वर चिठ्ठी: ‘लाजिरवाणी’.

आता सरळ प्रश्न. मग जड गोळी का घेत नाहीत? मी विचारला. गॅरेजमध्ये काही क्षण फक्त पंख्याचा आवाज आला.

“जड गोळीनं कोणालाही जमतं,” ते म्हणाले.

हलक्या गोळीचं खरं कारण पुढच्या रविवारी कळलं. तिकडे सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी नावाची संस्था आहे, १९८७ मध्ये निघालेली. तिच्या स्पर्धांत लोक एकोणिसाव्या शतकातल्या गुराख्यांचे, शेरीफांचे, जुगाऱ्यांचे पोशाख करून येतात आणि दोन रिव्हॉल्व्हर, एक रायफल आणि एक शॉटगन घेऊन घड्याळाविरुद्ध लोखंडी पत्रे वाजवतात. प्रत्येकाला टोपणनाव घ्यावं लागतं, आणि एकाचं नाव दुसऱ्याला मिळत नाही. मराठी कवींनंतर इतक्या हौसेनं टोपणनाव लावणारी जमात मी पाहिली नव्हती. सकाळी आठ वाजता वाळवंटात दंतवैद्य, हिशेबनीस आणि शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका कमरेला दुहेरी पट्टा लावून, एकमेकांना भयंकर नावांनी हाका मारत, प्लास्टिकच्या डब्यातून फ्रूट सॅलड खात होत्या. उन्हाची टोपी कोणाची कुठे उडाली तर दोन खुनी दरोडेखोर ती आणून द्यायला धावत होते.

या खेळात पत्रा सात-दहा यार्डांवर असतो, केवढा तरी मोठा. गोळी त्याला लागून ‘टण्ण’ वाजली की झालं. मग धक्का जितका कमी तितकी पुढची गोळी लवकर. म्हणून लोक गोळ्या हलक्या करत गेले, दारू कमी करत गेले, आणि करता करता अशा थराला आले की गोळी पत्र्यापर्यंत पोचते आहे हे डोळ्यांना दिसावं. या अशक्त काडतुसांना त्यांच्यात उंदराच्या पोटातल्या वाऱ्यावरून नाव आहे. मुलीनं ते भाषांतर करायला नकार दिला. शेवटी नियम करावा लागला. गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले फुटांमधला दर सेकंदाचा वेग, भागिले हजार, हे किमान ६० भरलं पाहिजे; वेग ४०० फुटांच्या खाली चालणार नाही, आणि रिव्हॉल्व्हरला वर हजाराची मर्यादा. म्हणजे १६० ग्रेनची, तोळ्यालाही वीस ग्रेन कमी अशी, गोळी घेतली तर ४०० फुटांनी आकडा ६४ येतो आणि माणूस कायद्यात बसतो. पण काठावर बसलेल्याची सगळी गोळाबेरीज डळमळीत असते. सरासरी ४३० आणि त्यात वर-खाली पन्नासचा हेलकावा, तर दर थोड्या गोळ्यांमागे एक गुन्हेगार. म्हणून सारखेपणा हवा.

हे कारण मला पटलं. मग शेजाऱ्यांनी हळूच सांगितलं, की त्यांची गोळी सातशे फुटांनी जाते. नियमाशी तिचा दूरान्वयानंही संबंध नाही. त्यांना सारखेपणा सारखेपणासाठीच हवा होता. पत्र्याला ६५० आणि ७५० यांतला फरक कळत नाही, नेम त्यामुळे दोऱ्याएवढाही ढळत नाही, आणि परीक्षक वेग मोजत नसतात. पण त्यांना माहीत असतं ना!

त्यांना कसं माहीत असतं हेही सांगण्यासारखं आहे. गोळीचा वेग पहिल्यांदा नीट मोजला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं, आणि १७४२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जड लंबक टांगायचा, त्यावर गोळी झाडायची आणि लंबक किती मागे गेला ते त्याला लावलेल्या फितीवरून मोजायचं. हे पुस्तक इतकं मोलाचं ठरलं, की ऑयलरसारख्या गणितज्ञानं १७४५ मध्ये त्याचं जर्मन भाषांतर करून वर स्वतःच्या टिपा जोडल्या. पुढे ईस्ट इंडिया कंपनीनं रॉबिन्सला किल्ले नीट करायला हिंदुस्थानात पाठवलं आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तो तापानं गेला. गोळीचा वेग मोजणारा पहिला माणूस आपल्या मातीत पडलेला आहे हे मी शेजाऱ्यांना सांगितलं, तर ते उठून उभे राहिले. काही क्षण मला वाटलं आता टोपी काढतात. पण त्यांना वहीत नोंद करायची होती.

रॉबिन्सच्या लंबकाच्या जागी मध्यंतरी तिकाटण्यावरची प्रकाशयंत्रं आली. गोळीची सावली आधी एका डोळ्यावर पडते, मग दुसऱ्यावर, आणि मधल्या काळावरून वेग निघतो. ढग आला की यंत्र रुसतं. शिवाय गोळी त्या यंत्राच्या बरोबर वरून जायला हवी, फार वरून नको, आणि हळूहळू धीट होत जाणाऱ्या माणसाकडून एक दिवस यंत्रालाच गोळी लागते. या छंदातल्या जुन्या माणसाला विचारलं तर तो असा एक मृतदेह अडगळीतून काढून दाखवतो. आता हातात मावेल एवढी रडारची डबी मिळते. ती बाजूला ठेवायची, आकडे आपोआप. शेजाऱ्यांच्या मते यामुळे छंदातला थरार गेला, पण अचूकता आली.

मैदानावर त्यांनी मला प्रयोग दाखवला. प्रत्येक गोळीआधी रिव्हॉल्व्हरचं तोंड जमिनीकडे कलवायचं, मग अलगद, पाण्यानं काठोकाठ भरलेलं असल्यागत, आडवं करायचं आणि झाडायची. डबीवर आकडे उमटले: ६१८, ६४१, ६०३, ६३६, ६२९. मग उलट: तोंड वर, मैदानाच्या नियमात बसेल इतपतच वर, थोडं थांबायचं, आडवं करायचं, झाडायची. ७३९, ७२२, ७४८, ७३१, ७४४. एकाच डब्यातली काडतुसं, एकाच हातात, आणि शंभराहून जास्त फुटांचा फरक! शेजारी माझ्याकडे पाहत होते. वकिलानं साक्षीदार फोडल्यावर बघावं तसं.

आता यातली गंमत बघा. खऱ्या स्पर्धेत रिव्हॉल्व्हर म्यानात तोंड खाली करून लटकलेलं असतं. म्हणजे पहिल्या गोळीच्या वेळी दारू पुढे. झाडल्यावर धक्क्यानं तोंड वर उडतं. उरलेल्या काडतुसांतली दारू मागे. म्हणजे पहिली गोळी आळशी, पुढच्या उत्साही. मला एकदम ‘शोले’ आठवला. गब्बर आपल्याच माणसांना जाब विचारताना आधी तीन गोळ्या आकाशात झाडतो. आम्ही इतकी वर्षं त्याला माथेफिरू समजत होतो. दारू टोपीपाशी आणायची यापेक्षा शास्त्रशुद्ध रीत नाही.

दहा आकडे झाल्यावर गणित. जुन्या कोल्टच्या फिरत्या चाकात घरं सहा, पण घोड्याखालचं एक घर सुरक्षिततेसाठी रिकामं ठेवतात, म्हणून गोळ्या पाच. त्यामुळे या पंथाची सगळी संख्याशास्त्रीय परंपरा पाचावर उभी आहे. पाच गोळ्या झाडायच्या, प्रमाण विचलन काढायचं, १० आलं की मित्रांना कळवायचं. शेजाऱ्यांनी मला सावकाश समजावलं: पाच गोळ्यांवरून विचलन १० आलं, तर खरं विचलन ६ पासून २९ पर्यंत कुठेही असू शकतं, आणि हेही शंभरात पंचाण्णव वेळाच खात्रीचं. “म्हणजे मित्रांना जे कळवतात त्याला अर्थ नाही?” मी विचारलं. “काहीच नाही.” “तुम्ही कळवता?” “१० च्या आत आलं तर.”

बरं, पाचही घरं तरी सारखी असावीत? तीही नाहीत. प्रत्येक घराचं तोंड केसभर कमी-जास्त, आणि चाक व नळी यांच्यामध्ये कागद सरकेल एवढी फट, जिच्यातून वायू निसटतो. त्यांनी घरांना आपल्या बायकोच्या लाल नेलपॉलिशनं एक ते सहा ठिपके दिले होते आणि वहीत प्रत्येकाचं वेगळं पान होतं. चार नंबर तऱ्हेवाईक. चार नंबरबद्दल ते, नापास होणाऱ्या पण आवडत्या मुलाबद्दल बोलावं, तसे बोलत.

उपायही काही कमी केले नव्हते. पहिला उपाय मुरड. टरफलाचा काठ गोळीच्या खाचेत घट्ट वळवायचा, म्हणजे ती पहिल्या धक्क्याला सुटत नाही, जरा अडून बसते आणि तेवढ्यात दाब चढतो. बायको हे ऐकून म्हणाली, “मुरड सैल पडली की करंजी तेलात उकलते, ते काय सांगायला पाहिजे?” दुसरा उपाय, भराभर जळणारी दारू, जिला ठिणगी कुठूनही चालते. हिनं आकडे सुधारतात, पण ती इतकी थोडी लागते की चुकून दुप्पट पडली तरी टरफलात सुखानं मावते आणि वरून दिसत नाही. मग सारखेपणाचा प्रश्न कायमचा सुटतो, रिव्हॉल्व्हरसकट. म्हणून शेजारी प्रत्येक टरफलात बॅटरीचा झोत टाकून बघत. बघताना बोलायचं नाही, हा गॅरेजमधला एकमेव नियम होता आणि तो लेखी होता. उलट दारू पडलीच नाही, तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन बसते, आणि मागून दुसरी झाडणाऱ्याचं काही खरं नसतं. या छंदात विनोदाला जागा आहे. वजन करताना नाही.

तिसरा उपाय फुगीर दारू. ट्रेल बॉस नावाची एक दारू ऑस्ट्रेलियात बनायची, मधोमध भोक असलेल्या चपट्या दाण्यांची, मुद्दाम अशाच जुन्या मोठ्या टरफलांसाठी. वजनाला कमी, जागा भरपूर खाणारी. गेली काही वर्षं ती दुकानात दिसेनाशी झाली, आणि ज्यांच्याकडे डबा शिल्लक आहे ते त्याविषयी बोलणं टाळतात. शेजाऱ्यांकडे आहे की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. वरच्या फळीवर एका डब्यावर ‘खिळे’ असं लिहिलेलं होतं, आणि त्यांचे बाकीचे खिळे खालच्या ड्रॉवरमध्ये असत.

चौथा उपाय टरफलच आखूड घेण्याचा. हा सगळ्यात शहाणा, आणि खरं म्हणजे तो सैन्यानं आपसूकच करून ठेवला होता. १८७५ च्या सुमारास त्यानं स्मिथ अँड वेसनचं स्कोफील्ड रिव्हॉल्व्हरही घेतलं. त्याचं चाक आखूड, कोल्टचं लांब काडतूस त्याच्यात मावेना. दोन पलटणी, दोन काडतुसं, आणि चुकीचं खोकं चुकीच्या छावणीत. शेवटी आखूड काडतूस दोन्हींत चालतं म्हणून तेच करायला घेतलं. आज हलक्या गोळीवाले तेच आखूड टरफल विकत घेतात: रिकामी जागा कमी, सळसळ कमी. शेजाऱ्यांनी ते वापरून पाहिलं होतं. आकडे सुरेख आले. आठवड्याभरात त्यांनी ते बंद केलं. विचारलं तर म्हणाले, “फार सोपं होतं.”

अशा माणसाला विरोधकही लागतोच. त्या प्रांतातला थोर विरोधक म्हणजे आयडाहोचा गुराखी आणि लेखक एल्मर कीथ. त्याचा जन्मभर एकच जप: गोळी जड आणि वेग भरपूर. ४ जुलै १९२५ ला, स्वातंत्र्यदिनाच्या आनंदात, त्यानं जड गोळी भरलेलं आपलं .४५ कोल्ट झाडलं आणि चाकाचा वरचा भाग उडून गेला. दुसऱ्या कोणी यातून गोळी हलकी करण्याचा बोध घेतला असता. त्यानं .४४ घेतलं आणि त्यात आणखी जोर भरला. त्याच्या खटाटोपातून १९५५ मध्ये .४४ मॅग्नम तयार झालं. कीथपंथी आणि हलकेपंथी एकाच मैदानावर शेजारी शेजारी उभे राहतात. इकडे धडाम्, तिकडे फुस्स. कीथपंथी गृहस्थांनी एकदा आमच्या शेजाऱ्यांना विचारलं, की तुझी गोळी पत्र्यापर्यंत जाते की तू बस पकडून देतोस? शेजाऱ्यांनी उत्तर दिलं नाही. वही उघडून त्याचं विचलन विचारलं. कीथपंथी गृहस्थ आयुष्यात प्रथमच वरमले.

स्पर्धेचा निकाल सांगायला हवा. शेजारी बऱ्याच खालच्या नंबरावर आले. पहिल्या आलेल्या मुख्याध्यापिकेला मी तिच्या गोळ्यांचा वेग विचारला. तिनं डोळे बारीक करून आठवण्याचा प्रयत्न केला आणि सांगितलं, की काडतुसं तिचा नवरा भरतो. लाल खोक्यातली चांगली असतात.

शेजारी निराश वगैरे काही नव्हते. गाडीतून येताना त्यांनी जाहीर केलं, की पुढच्या वेळी ते काळ्या दारूच्या गटात उतरणार. तिथे धुराचे ढग होतात, हात काळे होतात आणि संध्याकाळी बंदूक साबणाच्या गरम पाण्यानं धुवावी लागते. पण काळी दारू टरफल भरून ठासतात, खुळखुळ्याचा प्रश्नच नाही. फक्त हलकी गोळी हवी म्हणून काळी दारू कमी घातली तर मध्ये हवा राहू देत नाहीत. ती जागा भरून काढायला दारूवर मक्याचं पीठ घालतात, किंवा क्रीम ऑफ व्हीट नावाची पांढरी पूड. बिनधुराच्या दारूत हा उद्योग त्यांनी कधी केला नसता, दाब कुठे जाईल सांगता येत नाही. काळ्या दारूत चालतो. त्यांनी खोकं दाखवलं. बायकोनं चिमूटभर बोटांत घेऊन चोळली.

“अहो, हा तर रवा!”

मुलीनं खोक्यावरचं वाचून सांगितलं, गहूच आहे. काडतुसात रवा घालतात हे एकदा कळल्यावर बायकोचा त्या छंदाविषयीचा आदर स्पष्टपणे वाढला. तिनं विचारलं, बारीक की जाड? शेजाऱ्यांना हा प्रश्न फार आवडला. दाण्याचा आकार आणि ठासण्याचा संबंध यावर दोघांची, मुलीला मध्ये घालून, बराच वेळ चर्चा झाली, आणि दुसऱ्या दिवशी भारतीय दुकानातून बारीक रव्याचं पाकीट त्यांच्या तराजूशेजारी येऊन पडलं.

“पण हा असाच ठेवू नका म्हणावं,” बायको मुलीला म्हणाली. “कोरडा भाजून ठेवा. नाहीतर अळ्या होतात. आणि ओलही जाते त्यातली.”

ओल म्हटल्यावर शेजाऱ्यांचा हात थांबला. इतके दिवस त्यांनी रव्यातल्या ओलीचा विचार केला नव्हता. त्यांनी वही ओढली, नवं पान काढलं, डावीकडे ‘कच्चा’ आणि उजवीकडे ‘भाजलेला’ असं लिहून मधून पट्टीनं रेघ मारली, आणि बायकोला विचारलं: मंद आचेवर, म्हणजे नेमकं किती अंश?